चटणीवरचं तेल बदला, रश्श्यातलं मोजा: ऑलिव्ह तेलाची घरगुती सुरुवात

कोल्हापुरातल्या आमच्या घरी ऑलिव्ह तेलाची पहिली बाटली आली ती मामंजींच्या रक्ताच्या रिपोर्टपाठोपाठ. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं होतं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लिहून दिली आणि तेल-तूप आवरायला सांगितलं. हे कळल्यावर पुण्याचे धाकटे भाऊजी पुढच्याच शनिवारी हिरव्या काचेची बाटली घेऊन आले. "वहिनी, आप्पांना रोज दोन चमचे देत जावा," एवढं सांगून रविवारी परत गेले.

आम्ही देत गेलो. वरणावरचं तूप तसंच राहिलं, कोरड्यासातलं तेल होतं तेवढंच पडत राहिलं, रविवारच्या मटणावरची तर्रीही तीच. त्यात भर म्हणून सकाळी रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, औषध घ्यावं तसं. दोन महिन्यांनी मामंजींचं वजन दीड किलोनं वाढलेलं निघालं. तालमीत घाम गाळलेला माणूस, आता सत्तरीत. त्यांना ते मनाला लागलं. मलाही लागलं, कारण चमचा माझ्या हातचा होता.

नंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. ऑलिव्ह तेल दुसऱ्या कुठल्यातरी तेला-तुपाच्या जागी आलं तरच त्याचा उपयोग होतो. आहे त्यावर ओतलं तर ते फक्त जास्तीचं तेल असतं. खाली लिहिलंय ते या एका गोष्टीभोवती आहे. ज्या घरात भाकरी होते, चटणीचा डबा भरलेला असतो, बुधवारी-रविवारी मटण शिजतं आणि आता कुणीतरी ऑलिव्ह तेल आणायचं म्हणतंय, अशा घरासाठी मी हे लिहितेय.

पायरी १: बाटली घेण्याआधी डबा मोजा

आपल्याकडे तेल पंधरा किलोच्या डब्यानं येतं आणि किती दिवस पुरलं हे कुणी लिहून ठेवत नाही. डबा फोडला ती तारीख त्याच्यावरच खडूनं लिहा. संपला की हिशोब करा. आमचा डबा पाच माणसांत दोन महिने पुरला. १५,००० ग्रॅम भागिले ५ माणसं, भागिले ६० दिवस, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. यात तूप, लोणी आणि बाहेर खाल्लेली मिसळ धरलेली नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी वरून घालायचं तेल-तूप साधारण २७ ग्रॅम धरलेलं आहे. आम्ही जवळजवळ दुप्पट खात होतो, आणि आमचं घर काही तेलकट म्हणून प्रसिद्ध नाही. तुमचा आकडा काय येतो तो आधी काढा. या आकड्याशिवाय पुढची एकही पायरी नीट पडत नाही.

दुसरं मोजायचं ते पळीचं. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ मिलीची खूण असते. त्या टोपणानं पाणी घालून आपली तेलाची पळी भरते किती ते बघा. आमची चार टोपणांची निघाली. २० मिली तेल म्हणजे जवळजवळ १६५ कॅलरी. तेल शेंगदाण्याचं असो, सूर्यफुलाचं असो की ऑलिव्हचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्याच. "ऑलिव्ह तेल हलकं असतं, कितीही चालतं" हे मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं आहे आणि ते साफ चुकीचं आहे. आता आमच्याकडे पळी फक्त रश्श्याला लागते, बाकी सगळ्याला चहाचा चमचा.

पायरी २: त्यात असं काय आहे ते समजून घ्या

ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकाठचं झाड. आपल्याकडे राजस्थानात इस्रायलच्या मदतीनं त्याची लागवड झाली आहे, पण दुकानात दिसणारं बहुतेक तेल स्पेन आणि इटलीहून येतं. तेल निघतं ते फळाच्या गरातून. फळं ठेचून लगदा करायचा, तो घुसळायचा आणि तेल-पाणी वेगळं करायचं. शेंगदाणा किंवा करडई हे बी, त्याला घाण्यात दाबावं लागतं. गरातून निघालेल्या या तेलात फळातले कडू-तिखट घटकही उतरतात आणि फायद्याचा एक भाग त्यांच्यात आहे.

दुसरा, मोठा भाग ओलेइक आम्लाचा. बाटलीवर "मोनोअनसॅच्युरेटेड" असं लिहिलेलं असतं, त्यातला मुख्य घटक हाच. ऑलिव्ह तेलात तो साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असतो. सॅच्युरेटेड, म्हणजे थंडीत गोठणारी चरबी, १४ टक्क्यांच्या आसपास. पाम तेलात सॅच्युरेटेड जवळजवळ निम्मं असतं, तुपात साठ टक्क्यांहून जास्त, खोबरेल तेलात नव्वदच्या घरात. सॅच्युरेटेड चरबी जास्त खाल्ली की यकृताची रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायची ताकद कमी होते, आणि ते रक्तात साठत जातं. त्या चरबीच्या जागी ओलेइकचं तेल आलं की एलडीएल उतरतं. इथे "जागी" हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये ओलेइक आम्ल भरपूर असलेल्या तेलांबद्दल बाटलीवर दावा करायला परवानगी दिली, तीही याच अटीवर: रोज साधारण दीड मोठा चमचा, म्हणजे २० ग्रॅम, सॅच्युरेटेड चरबीच्या बदल्यात आणि एकूण कॅलरी न वाढवता. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

आता कडू-तिखट घटकांकडे. त्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकून ऑक्सिजननं खराब झाले की तिथे सूज आणि थर वाढायला लागतो. हे खराब होणं रोखायला पॉलिफेनॉल मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं हे मान्य केलंय, पण रोज २० ग्रॅम तेल आणि त्यातून ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल नावाचं पॉलिफेनॉल व त्याच्या जातीचे घटक मिळाले तरच. हे घटक फक्त न शुद्ध केलेल्या तेलात टिकतात.

चांगलं तेल नुसतं चाखलं तर घशात मागच्या बाजूला चुरचुरतं, कधी ठसका लागतो. पहिल्यांदा आत्याबाईंना तेल खराब आहे असंच वाटलं. ती चुरचुर ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची. इबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध तसंच घशात चुरचुरतं हे लक्षात आल्यावरून शास्त्रज्ञांनी तपासलं, आणि हा घटकही सूज आणणाऱ्या त्याच विकरांना (एन्झाइमना) अडवतो असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून चमचाभर तेल गोळीची जागा घेतं असं मात्र नाही. त्यातलं प्रमाण फार थोडं असतं.

आणि हृदयाचं काय, हा सगळ्यांचा प्रश्न. त्यावरचा सर्वांत मोठा प्रयोग स्पेनमध्ये झाला, प्रेडिमेड नावाचा. ५५ ते ८० वयाचे, हृदयविकाराचा धोका असलेले पण आजार नसलेले ७,४४७ लोक. एका गटाला भूमध्य पद्धतीचं जेवण आणि घराला आठवड्याला एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे शुद्ध न केलेलं वरच्या प्रतीचं, ऑलिव्ह तेल, दुसऱ्या गटाला तेच जेवण आणि रोज मूठभर अक्रोड-बदाम-हेझलनट, तिसऱ्याला कमी चरबी खाण्याचा सल्ला. जवळजवळ पाच वर्षं लक्ष ठेवलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण सल्ल्याच्या गटात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ होतं, तेलाच्या गटात सुमारे ८. फरक जास्त दिसला तो पक्षाघातात. निकाल २०१३ मध्ये आला. काही ठिकाणी माणसांची गटवारी नियमाप्रमाणे झाली नव्हती हे निघाल्यावर तो मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा तपासून छापला, निष्कर्ष साधारण तसाच राहिला.

हा प्रयोग वाचताना मला दोन गोष्टी थांबवून गेल्या. ते लोक तेलाबरोबर डाळी, भाज्या, फळं आणि मासेही खात होते, म्हणजे एकट्या तेलाचं श्रेय काढता येत नाही. आणि सुक्यामेव्याच्या गटालाही जवळजवळ तेवढाच फायदा झाला. महागड्या बाटलीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पायरी ३: शेंगतेलाला घराबाहेर काढू नका

कोल्हापूरकराला ऑलिव्ह तेल सांगणारे लोक बऱ्याचदा शेंगतेलाला नावं ठेवतात. ते मला पटत नाही. शेंगतेलातही ओलेइक आम्ल साधारण निम्म्याच्या आसपास असतं, सॅच्युरेटेड पाचव्या हिश्श्याच्या आत. ई जीवनसत्त्व असतं. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेनं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेच्या साथीनं गिरनार ४ आणि गिरनार ५ या जाती काढल्या. त्यांच्या तेलात ओलेइक ७८ ते ८० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे ऑलिव्हच्या बरोबरीनं. असा भुईमूग आपल्या शिवारात वाढला आणि गावच्या घाण्यावर आला तर मला फार आनंद होईल.

म्हणून अदलाबदल कशाची करायची ते ठरवा. आधी जावं वनस्पती तूप, मग बेकरीचं खारी-बटर, मग रोज वरणावर पडणारी तुपाची मोठी धार, मग स्वस्त पाम तेलातलं तळण. शेंगतेल शेवटी, आणि तेही फक्त कमी करायचं. घरात दोन-तीन प्रकारची तेलं आलटून-पालटून वापरणं हे पोषण संस्थेचंही म्हणणं आहे.

पायरी ४: बाटली ओळखा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आमची झाली. शहरातल्या एका दुकानात "इंडियन कुकिंगसाठी खास" म्हणून मला एक मोठा डबा दिला, स्वस्तही पडला, मी आनंदानं आणला. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर पोमेस.

पोमेस म्हणजे पेंड. भुईमुगाचं तेल काढल्यावर उरते ती पेंड आपण म्हशीला घालतो, तशीच ऑलिव्हची पेंड उरते. तिच्यात शिल्लक राहिलेलं तेल सॉल्व्हंटनं ओढून काढायचं, शुद्ध करायचं आणि त्यात थोडं चांगलं तेल मिसळायचं, की झालं पोमेस ऑलिव्ह तेल. खायला ते चालतं, ओलेइक आम्लही असतं. पण पॉलिफेनॉल जवळजवळ गेलेले असतात, आणि ज्यासाठी पैसे मोजायचे तेच त्यात नसतं.

बाटलीवर हे शब्द शोधा. "एक्स्ट्रा व्हर्जिन" म्हणजे फक्त यंत्रानं काढलेलं, रसायन न लावलेलं, आम्लता जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि चवीत दोष नाही. "व्हर्जिन" त्याच्या खालचं, आम्लता २ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे क्वचितच दिसतं. नुसतं "ऑलिव्ह ऑइल", "प्युअर" किंवा "क्लासिक" असेल तर ते शुद्ध केलेलं तेल आणि थोडं व्हर्जिन यांचं मिश्रण. "लाइट" म्हणजे रंगानं आणि चवीनं फिकं, कॅलरी तेवढ्याच. या शब्दामुळे मधुमेहाचे आणि वजनाचे बरेच रुग्ण फसतात म्हणून मुद्दाम सांगते.

मेडिकलमध्ये मिळणारे छोटे डबे बऱ्याचदा बाळाच्या मालिशीसाठी असतात. खाण्याचं तेल घेताना एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि खाद्यतेल असल्याचा उल्लेख बघूनच घ्या.

तारीखही बघा. ऑलिव्ह तेल लोणच्यासारखं मुरत नाही, जुनं होईल तसं उतरत जातं. तिकडे फळं ऑक्टोबर ते जानेवारीत तोडतात; बाटलीवर तोडणीचं वर्ष असेल तर सगळ्यात अलीकडचं घ्या. काच गडद असावी किंवा पत्र्याचा डबा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवलेली बाटली मी कितीही सवलत असली तरी घेत नाही. पहिली खरेदी पाव किंवा अर्ध्या लिटरचीच करा, कारण चव घरात रुजेल की नाही ते अजून ठरायचं आहे.

घरी उघडल्यावर वास घ्या. ताज्या कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोचा किंवा हिरव्या पाल्याचा वास आला तर छान. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर परत करा. खवटपणा ओळखायला कोल्हापुरातल्या बाईला यंत्र लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवून गोठलं तर असली, ही परीक्षा मात्र सोडून द्या. दुसरी तेलं मिसळली तरी मिश्रण गोठू शकतं, आणि चांगलं तेलही कधी अर्धवटच गोठतं.

पायरी ५: ताटातली त्याची जागा शोधा

ही पायरी मला सगळ्यात जवळची. ऑलिव्ह तेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सॅलड आणि पास्ता येतो. घरातली जुनी माणसं तिथेच तोंड फिरवतात. पण कच्चं तेल खायची आपली स्वतःची रीत आहे आणि ती भूमध्य समुद्राकडच्या लोकांच्या पावावरच्या तेलापेक्षा वेगळी नाही. भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी वाढायची, तिला मधोमध बोटानं खळगा करायचा आणि त्यात तेल सोडायचं. तो खळगा ही ऑलिव्ह तेलाची आपल्या ताटातली पहिली जागा.

कारळ्याच्या चटणीशी ते मला सर्वांत जास्त जमलेलं वाटतं. कारळा मुळात थोडा कडवट, तेलही थोडं कडवट, आणि लसूण दोघांना धरून ठेवतो. जवसाच्या चटणीशीही बसतं. कांदा-लसूण मसाल्यावर मात्र घालू नका. त्या मसाल्यात धण्यापासून खोबऱ्यापर्यंत इतकं काही असतं की तेलाची चव कुठे जाते ते कळतही नाही.

खर्डा करताना हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर नेहमीप्रमाणे शेंगतेलाच्या चार थेंबांवर भाजा. शेंगदाणे, मीठ घालून खलात ओबडधोबड कुटा. वाढताना वरून एक चहाचा चमचा ऑलिव्ह तेल घाला आणि हातानं कालवा. मिरचीचा जाळ आणि तेलाची चुरचुर वेगवेगळ्या जागी लागते, मिरची जिभेवर आणि तेल घशात. मामंजींनी पहिल्यांदा "हे तेल चालतंय की" असं म्हटलं ते खर्ड्यावरच.

पावसाळा सरला की बाजारात कोवळी मेथी येते. ती कच्चीच बारीक चिरायची, कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, थोडं तिखट, लिंबू, आणि वरून कच्चं तेल. दोन भाकऱ्या सहज जातात. इथे शेंगतेलाऐवजी ऑलिव्ह घातलं तर मेथीचा कडवटपणा खुलतो. कांदापात, मुळ्याचा पाला, कोबी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, मोड आलेल्या मटकीची गार उसळ, सगळ्यांत हेच चालतं. पालेभाजीतली काही जीवनसत्त्वं आणि टोमॅटोतलं लायकोपीन चरबीत विरघळणारी; सोबत थोडं तेल असलं की ती अंगी लागतात. म्हणजे कच्च्या भाजीवर तेलाचा चमचा हा नुसता चवीचा भाग नाही.

सकाळी ब्रेडला लोणी लावण्याऐवजी तव्यावर भाजून लसणाची पाकळी घासा, टोमॅटो चुरा, मीठ आणि अर्धा चमचा तेल. आमच्या शाळकरी मुलीला हे इतकं आवडलं की खारी आणणं आपोआप थांबलं. उकडलेल्या अंड्यावर, भाजलेल्या वांग्याच्या भरतावर, पिठलं गॅसवरून उतरवल्यावर, हीही सोपी ठिकाणं आहेत.

वरणभाताला मी त्यातून वगळलंय. वरणावर तूपच हवं; फक्त धारेच्या जागी अर्धा चमचा. गोडाशीही हे तेल जमत नाही. गूळ-पोळीवर घालून बघितलं, घरात कुणी खाल्लं नाही.

पायरी ६: तापवायचं असेल तर

ऑलिव्ह तेल तापवलं की विष होतं, हे खरं नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण १९० ते २१० अंशांना धुरतं, शुद्ध केलेलं त्याहून जास्त तापमानाला. ओलेइक आम्ल आणि स्वतःचे पॉलिफेनॉल यांच्यामुळे ते तापल्यावर बरंच टिकतंही. पोह्याची, अंड्याची किंवा भेंडीची साधी फोडणी त्यात निर्धास्त करा. मोहरी तडतडली की आच कमी, आणि धूर दिसायला लागला तर कुठलंही तेल असो, जास्त तापलंय.

पण तापवल्यानं पॉलिफेनॉल कमी होतात आणि सुवास उडतो. भज्यांना, चकलीला, कटाला एक्स्ट्रा व्हर्जिन घालणं म्हणजे पैसे कढईत टाकणं. तिथे शेंगतेलच वापरा.

तांबड्या रश्श्याचं थोडं वेगळं आहे. त्याचा तवंग हा तेलातच उतरतो, मिरचीचा रंग चरबीत विरघळतो, म्हणून तेल पूर्ण काढलं तर तो तांबडा राहणारच नाही. आम्ही दोन बदल केले. मसाला परतताना एक पळी कमी केली आणि कोरडा वाटला तर पाण्याचा हबका मारतो. रस्सा झाला की वरची तर्री वाटीत काढून ठेवतो. ज्याला हवी त्यानं चमच्यानं घ्यावी. मटणाची स्वतःची चरबी त्या तर्रीत आलेली असते, ती इथेच वेगळी निघते. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, त्यातली चरबी बहुतेक सॅच्युरेटेड. तो रोज कुणी करत नाही, तेव्हा त्यात फेरफार करू नये असं माझं मत आहे. वाटी छोटी घ्यावी.

पायरी ७: बाटली सांभाळा

उजेड, उष्णता आणि हवा हे तिघं तेलाचे वैरी. गॅसच्या कट्ट्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तर आपली स्वयंपाकघरं भट्टीसारखी तापतात. खालच्या बंद कपाटात ठेवा, टोपण लगेच लावा, प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत ओतून ठेवू नका. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा आणि दोन महिन्यांत संपवा. फ्रिजमध्ये ठेवून पांढऱ्या कण्या झाल्या तरी ते बिघडलेलं नसतं, बाहेर काढलं की पुन्हा पातळ होतं.

पायरी ८: खर्चाचा हिशोब

पाच जणांना रोज दोन चहाचे चमचे द्यायचे म्हटलं तर महिन्याला दीड लिटर लागतं. शेंगतेलाच्या तुलनेत हे कितीतरी महाग, आणि प्रत्येक घराला ते परवडावं असं मी म्हणणार नाही. आम्ही ते मामंजींपुरतं नियमित ठेवलंय. रोज १० मिली, म्हणजे महिन्याला ३०० मिली. अर्ध्या लिटरची बाटली पन्नास दिवस जाते. बाकीच्यांना कोशिंबिरीतून मिळेल तेवढं.

दुसऱ्या पायरीत आलेल्या दिवसाला २० ग्रॅमच्या मात्रेच्या हे निम्म्याहून कमी आहे. उरलेल्या बदलाचं काम घाण्याचं शेंगतेल आणि मूठभर शेंगदाणे करतात, असं धरून आम्ही चाललो आहोत. ज्याला बाटली अजिबात परवडत नाही त्यानं पहिल्या पायरीतला डब्याचा हिशोब नीट पाळावा. डबा दोनऐवजी तीन महिने पुरवला तरी माणशी रोजचं तेल ५० वरून ३३ ग्रॅमवर येतं.

पायरी ९: बाहेरचं खाणं

मिसळीला कट वेगळा मागा आणि स्वतःच्या हातानं घाला. बहुतेक ठिकाणी देतात. ब्रेडच्या दोन स्लाइसवर थांबा. तळणाच्या गाडीवर तेल काळं, घट्ट आणि फेसाळ दिसलं तर पुढं जा. वारंवार तापलेल्या तेलात खराब घटक साठतात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम जुलै २०१८ पासून आहे. घरीही तळणीचं तेल गाळून एकदा भाजीला वापरा आणि संपवा, पुन्हा पुन्हा कढईत नको.

पायरी १०: डॉक्टरांना सांगा, गोळी सोडू नका

कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर ऑलिव्ह तेल आणलं म्हणून ती बंद करायची नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ती बंद केली होती, आणि पुढं त्यांना दवाखान्यात राहावं लागलं. पित्ताशयात खडे असतील तर एकदम जास्त तेल घेतल्यानं पोटात कळ येऊ शकते, त्यांनी आधी विचारावं. रिकाम्या पोटी तेल पिण्याची गरज कुणालाच नाही, जेवणातच घ्यावं.

खाण्यातला बदल रक्तात दिसायला साधारण दोन-तीन महिने जातात. तेवढं थांबून लिपिड प्रोफाइल पुन्हा करा आणि डॉक्टरांकडे जाताना डब्याच्या तारखा लिहिलेला कागदही न्या. आम्ही नेला तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्टच्या आधी तो वाचला. मामंजींचं एलडीएल उतरलं होतं, वजनही परत जागेवर आलं होतं. गोळी चालूच होती, संध्याकाळी रंकाळ्याला चालणंही सुरू झालं होतं, त्यामुळे कुणाचं किती हे मला वेगळं काढता येत नाही.

आता दिवाळीचं तळण जवळ आलंय. त्याचा डबा आत्याबाईंनी वेगळा ठेवायला सांगितला आहे, आणि त्याच्यावर खडूनं तारीख यंदा त्यांनी स्वतः घातली.